बाबांची खासगी रोकड

ठाण्याच्या ज्या एजंटकडे आम्ही बोटीचं बुकिंग केलं, त्यानं सगळे कागद झाल्यावर सहज विचारलं, वरच्या खर्चासाठी कोणाचं क्रेडिट कार्ड लावायचं? मी म्हटलं, कोणाचंच नाही. त्याला वाटलं, मी कार्ड घरी विसरले. डोंबिवलीला माझ्या घरी किंवा ठाण्यातच खोपटला आईबाबांकडे असं कार्ड कधी आलेलंच नाही, हे त्याला पटायला थोडा वेळ लागला. मग त्यानं खुर्ची पुढे ओढून नीट समजावलं. बोटीवर नोटा चालत नाहीत. खोलीची किल्ली म्हणून जे कार्ड मिळतं, तेच दाखवून सगळं घ्यायचं आणि ते खोलीच्या खात्यावर चढतं. क्रेडिट कार्ड नसेल तर बोटीत शिरल्या शिरल्या काउंटरवर रोख अनामत भरायची. जे घ्याल ते त्यातून वजा होतं, उरलेलं शेवटच्या सकाळी परत मिळतं. डेबिट कार्डही लावता येतं, पण मग बँकेत तेवढी रक्कम अडकते आणि सुटायला बरेच दिवस जातात. फोनवरून पैसे देणं विसरा, समुद्रात रेंज नसते.

मी सगळं लिहून घेतलं. लिहिल्याशिवाय मला ऐकूच येत नाही, असं माझी मुलगी म्हणते.

ती कॉलेजात आहे. बोटीवर आम्ही चौघं जाणार होतो, आईबाबा, ती आणि मी. नवऱ्याला सुट्टी नव्हती आणि चौघांची एक खोली स्वस्त पडत होती. मुंबईहून गोवा आणि परत, एवढीच सफर. हे सगळं आईसाठी होतं. लग्न होऊन ती विजयदुर्गाकडून मुंबईला आली ती जुन्या आगबोटीनं. धक्क्यावरून छोट्या पडावात, पडावातून बोटीवर, आणि मग उघड्या डेकवर सतरंजी टाकून रात्रभर ओकाऱ्या. एकदा माणसासारखं बोटीतून जायचंय, असं ती अधूनमधून म्हणायची, तेही हसून, कोणी मनावर घेऊ नये अशा बेतानं. माझी एक ठेव पूर्ण झाली तेव्हा मी ते मनावर घेतलं. तिकिटं मी काढणार म्हटल्यावर बाबांनी एका वाक्यात वाटणी केली. तिकीट तुझं, वरखर्च माझा.

घरी येऊन मी त्या वरखर्चाचे तीन भाग पाडले. पहिला बोटीवरच्या अनामतीचा. दुसरा गोव्यात उतरल्यावरच्या टॅक्सीचा आणि किरकोळ खरेदीचा, तो रोख जवळ. तिसरा बंदरापासून खोपटपर्यंतच्या गाडीचा, त्याला हात लावायचा नाही. बोटीवर काय फुकट आणि काय विकत, ते एजंटला दोनदा फोन करून विचारलं. मोठ्या हॉलमधला नाश्ता, दोन्ही जेवणं, पाणी, मशिनचा चहा तिकिटात धरलेला. सरबतं, सोडा, काउंटरवरची कॉफी, फोटो, दुकान, इंटरनेट, हे सगळं वेगळं. इंटरनेटवर मी काट मारली. मुलीनं हरकत घेतली, मी ऐकली नाही. फोटो एक धरला, कारण चढताना ते सगळ्यांचे काढतातच आणि मग भिंतीवर लावून ठेवतात, अशा वेळी आईला नाही म्हणवत नाही. पाटीवरच्या भावावर कर चढतो, म्हणून प्रत्येक आकड्यावर थोडं जास्त धरलं. नऊ हजार अनामत, चार हजार गोवा, दोन हजार परतीचे. पंधरा हजारांत चौघं नीट बसत होतो.

हिशेब जमला. तो कोणाच्या हाती द्यायचा, हा खरा प्रश्न होता.

बाबा एसटीत कंडक्टर होते. खोपट डेपोतून गाडी काढायची आणि तिथेच येऊन जमलेल्या पैशांचा भरणा करायचा, यात त्यांची नोकरी गेली. पैशांच्या बाबतीत ते जे काही आहेत, ते या कामानं केलेलं. ज्यांच्या घरात कंडक्टर नाही त्यांना एक गोष्ट माहीत नसते. ड्यूटीवर निघण्याआधी कंडक्टरनं आपल्या खिशात स्वतःचे किती पैसे आहेत ते सांगून वे-बिलावर, म्हणजे फेरीच्या हिशेबाच्या कागदावर, लिहायचं असतं. त्याला खासगी रोकड म्हणतात. वाटेत तपासणीचे लोक चढले की विकलेली तिकिटं आणि बॅगेतली रक्कम जुळवतात. कमी निघाले तरी केस, आणि जास्त निघाले तरी केस. म्हणून स्वतःचे पैसे आधी लिहायचे, वेगळ्या खिशात ठेवायचे आणि काही झालं तरी मिसळायचे नाहीत. बाबांची खासगी रोकड शर्टाच्या डाव्या खिशात असायची, आणि ती बरीच वर्षं दोन-पाच रुपयांच्या वर कधी नव्हती.

घरीही तेच. पगार झाला की घरखर्चाचे पैसे दाराजवळच्या खुंटीवरच्या चामडी बॅगेत जायचे आणि डावा खिसा वेगळा. मला शाळेत असताना खाऊला पैसे हवे असले की बाबा विचारायचे, बॅगेतले की खिशातले? बॅगेतले म्हणजे वही, पेन्सिल, फी. खिशातले म्हणजे बर्फाचा गोळा. आई म्हणायची, माझा नवरा घरात शिरतानाही तिकीट मागेल. निवृत्त झाल्यावरही ती बॅग खुंटीवर राहिली. बाबाच बाजारात जायचे, बाबाच बँकेत जायचे.

गेल्या वर्षभरात मात्र चुका व्हायला लागल्या. दूधवाल्याला एका महिन्याचे दोनदा दिले. रिक्षावाल्याला पन्नासऐवजी पाचशेची नोट दिली; तो ओळखीचा, म्हणून परत आणून दिली. बँकेत सही जुळली नाही. डॉक्टरांनी तपासण्या करून आजाराचं नाव सांगितलं. आईनं ते घरात उच्चारू दिलं नाही. मी बँकेतून अर्ज आणला, बाबांच्या खात्याला माझं नाव लावायचा आणि व्यवहार मी बघायचा. तो भरला, फुल्या मारून सह्यांच्या जागा दाखवल्या. आईनं तो कपाटात साड्यांखाली ठेवला आणि म्हणाली, "बोटीवरून आल्यावर बघू."

याचा अर्थ तिनं मला दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना सांगितला. बोटीवरचे सगळे पैसे बाबांच्याच बॅगेत राहतील. त्यांनी ते नीट सांभाळले तर अर्ज फाडायचा. मी म्हटलं, आई, ही परीक्षा आहे का? ती म्हणाली, तुला काय म्हणायचं ते म्हण, पण त्या माणसाच्या हातातून बॅग काढायला मला कारण हवं, डॉक्टरचा कागद मला कारण वाटत नाही. मग मी एक तडजोड सुचवली. बॅगेत थोडे ठेवू, बाकीचे माझ्याकडे. आईनं शेंगा मोडायच्या थांबवून माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे बॅग खुळखुळा म्हणून द्यायची? सगळे दे."

सगळे दिले. पंधरा हजार, तीन रबरबँडांत. पण माझे स्वतःचे पाच हजार मुलीच्या पाठीवरच्या पिशवीत, स्वेटरच्या घडीत ठेवले आणि ते आईलाही सांगितलं नाही. मुंबईच्या बंदरात सामानासकट चार माणसं खिशात दमडी नसताना उभी राहणं मला परवडणारं नव्हतं.

बंदरात गर्दी होती, सामान वेगळं गेलं, फोटोवाल्यानं आईबाबांना एका खोट्या सुकाणूपुढे उभं केलं. बाबा निळ्या शर्टात, बॅग पोटावर. आत शिरल्यावर काउंटरशी रांग लागली होती. पुढचे सगळे कार्ड दाखवून दोन मिनिटांत मोकळे होत होते. आमची पाळी आली, बाबांनी बॅगेची चेन उघडली, पहिला रबरबँड सोडला आणि नोटा उभ्या दुमडून बोटांत धरून मोजायला लागले. नऊ हजार त्यांनी दोनदा मोजले आणि दोन्ही वेळा बरोबर मोजले. काउंटरवरच्या मुलीनं पावती दिली. ती हिंदी बोलणारी होती, चेहऱ्यावरून दमलेली, पण आवाज गोड. बाबा जागचे हलले नाहीत.

"माझ्या खिशात स्वतःचे नऊशे आहेत," ते म्हणाले. "ते लिहून घ्या."

तिला कळेना. मी मध्ये पडून हिंदीत म्हटलं, काही नाही, चला. मागच्या माणसानं उसासा टाकला. बाबांनी डाव्या खिशातून नोटा काढून पंख्यासारख्या पसरून तिला दाखवल्या आणि परत ठेवल्या. नंतर कोणी म्हणायला नको, हे बोटीचे, असं ते मला समजावल्यासारखं म्हणाले. मी खाली जमिनीकडे बघत होते. त्या मुलीनं मात्र पावती परत घेतली, उलटी केली आणि मागच्या बाजूला पेनानं लिहिलं, बाबूजी के अपने ९००. खाली सही केली. बाबांनी ते वाचून मान हलवली, पावती बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवली आणि रांगेतून बाहेर आले. आईनं माझ्याकडे पाहिलं. बघ, असं ते पाहणं होतं.

पहिल्या संध्याकाळी वरच्या डेकवर मुलीनं आजीला विचारलं, काय पिणार. आई म्हणाली, सोडा. मुलगी कार्ड घेऊन उठणार तोच बाबांनी तिला बसवलं आणि स्वतः काउंटरशी गेले, डाव्या खिशात हात घालून. तिथल्या बाईनं सांगितलं, रोख चालत नाही, कार्ड द्या. बाबांनी आमच्याकडे वळून विचारलं, कार्डावरचे पैसे कुठले? मी म्हटलं, बाबा, तुम्हीच भरलेत की, आपलेच. ते म्हणाले, आपले म्हणजे बॅगेतले. सोडा त्यात बसत नव्हता. ते परत येऊन बसले. मुलीला हसू आवरेना. ती म्हणाली, आजोबा, आजीला हाफ तिकीट तरी द्या. बाबाही हसले, पण उठले नाहीत. आई त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग अशी हसली, की मला वाटलं, यात काहीतरी जुनं आहे. मी विचारलं नाही. तिनं मशिनचा चहा घेतला.

त्यानंतर सगळं माझ्या कागदाप्रमाणे चाललं होतं. मुलीच्या दोन कॉफ्या, एक फोटो, आईला दुकानातला एक हातरुमाल. रोज जेवणानंतर बाबा विचारायचे, आज कोणी काय घेतलं, आणि काउंटरवर जाऊन शिल्लक विचारून यायचे. माझ्या आणि त्यांच्या आकड्यांत फरक नव्हता. एका सकाळी ते उठून खोलीच्या दारापाशी एसटीचा स्टॉप शोधल्यासारखे उभे राहिले, तेव्हा मी त्यांना हाताला धरून आणलं. आईला सांगितलं नाही. पैशांचं मात्र सगळं चोख होतं, आणि आईनं परीक्षा पैशांची ठेवली होती.

गोव्यात उतरलो तेव्हा बॅग बाबांकडेच. टॅक्सीवाल्याशी भाव मी केला, पैसे त्यांनी दिले. अठराशे. मोजून, वर सुटे मागून. देवळं पाहिली, शहाळी प्यायलो, काजू घेतले. आईनं काजू घेताना मला कोपरानं ढोसलं आणि हळूच म्हणाली, तुझा तो अर्ज परत कर बँकेला. मी म्हटलं, करते. तेव्हा मला ते खरंच वाटत होतं. माणूस आपल्या कामाच्या पोटात सुरक्षित असतो, आजारालाही तिथे शिरता येत नसावं, असं काहीतरी मी मनाशी जुळवत होते. बाजारातून परतीच्या वाटेवर मी आकडा मांडला. गोव्याच्या भागातले सोळाशे उरले होते, परतीचे दोन हजार तसेच.

बोटीवर आल्यावर सगळे जरा आडवे झालो. मला डोळा लागला. जागी झाले तर बाबा खोलीत नव्हते. मुलीला शोधायला पाठवते तोच ते दारात आले. चेहरा इतका शांत होता, की मला एकदम लहानपणचं घर आठवलं, ड्यूटीवरून आल्यावर ते असेच दिसायचे. त्यांनी खांद्यावरची बॅग काढली, उलटी करून झटकली आणि आतलं अस्तर बाहेर काढून खुर्चीच्या पाठीला वाळत घातल्यासारखी लावली.

"भरणा केला," ते म्हणाले. "झाली ड्यूटी."

मला समजायला क्षणभर लागला. मग मी बॅग हातात घेतली. गोव्याचे उरलेले नव्हते, परतीचे नव्हते. मी विचारलं, बाबा, कुठे भरलेत? त्यांनी वरच्या मजल्याकडे बोट केलं. आतल्या चेनच्या कप्प्यात पहिल्या पावतीशेजारी दुसरी पावती होती. मी ती घेऊन वर धावले.

काउंटरवर आता एक पुरुष होता. त्यानं संगणकात बघून सांगितलं, मॅडम, अनामत वाढवलीय, काही काळजी नाही, उद्या सकाळी सगळे परत मिळतील. आज काही काढून देता येतील का? नाही, उद्याच. ठीक आहे. परतीच्या गाडीची सोय माझ्याकडे होती. जिन्यानं खाली येताना माझे पाय हलके झाले होते. चूक झाली होती, पण पैसा गेला नव्हता. आईनं विचारलं तर मी बाबांच्या बाजूनं बोलायचं ठरवलं.

फक्त आकडा जुळत नव्हता. पावती पंचेचाळीसशेची होती. सोळाशे आणि दोन हजार म्हणजे छत्तीसशे. नऊशे जास्त. मी खोलीत येऊन आईला म्हटलं, काही नुकसान नाही, उलट बोटवाल्यांनीच काहीतरी चुकवलंय, नऊशे जास्त दाखवताहेत.

बाबा बाथरूममध्ये होते. गोव्याहून आल्यावर काढलेला त्यांचा निळा शर्ट हुकाला होता. आई उठली, शर्टापाशी गेली आणि तिनं डाव्या खिशात हात घातला. तो लगेच बाहेर काढला नाही. तशीच उभी राहिली.

"त्यांनी स्वतःचेही भरले गं," ती म्हणाली.

मुलगी म्हणाली, पण आजी, उद्या मिळतीलच ना. आईनं तिच्या केसांवरून हात फिरवला. हे पैसे हरवले असते तर आईनं त्याला कारण शोधलं असतं. गर्दी, चोर, फाटकी चेन. याला शोधता येत नव्हतं.

संध्याकाळी बोट निघाल्यावर आई आणि मी डेकवर गेलो. बाबा आणि मुलगी हॉलमध्ये पत्ते खेळत होते. कुठल्या वेळी आपल्या गावापुढून जाऊ हे आईनं कोणा कर्मचाऱ्याला विचारून ठेवलं होतं. पण किनारा इतका लांब, की डोंगरांची नुसती रेघ दिसत होती, आणि कुठला डोंगर कोणाचा ते सांगता येत नव्हतं. आईनं बोट दाखवलं, तिथे असेल. मी म्हटलं, असेल.

मग तिनं सोड्याची गोष्ट सांगितली. लग्नानंतर त्या आगबोटीवर तिला एवढ्या ओकाऱ्या झाल्या, की तिनं नव्या नवऱ्याकडे पहिल्यांदा काही मागितलं ते म्हणजे सोडा. बोटीवर सोड्याची बाटली मिळायची. बाबांच्या डाव्या खिशातले पैसे पडाववाल्याला आणि हमालाला देऊन संपले होते. बनियनच्या आतल्या खिशात पैसे होते, पण ते गावच्या एका माणसानं मुंबईतल्या आपल्या भावाला द्यायला सांगितलेले. बाबा अजून कंडक्टर झाले नव्हते तेव्हा. नोकरी लागायची होती. आई म्हणाली, मी रडले, म्हटलं, नंतर त्यात भर घाला, कोणाला कळणारे? ते माझ्याजवळ बसून राहिले, पदरानं वारा घातला, पाठ चोळली, पण त्या पैशांना हात लावला नाही. धक्क्याला उतरेपर्यंत मी तशीच.

"तेव्हा मला वाटलं, कसल्या माणसाच्या गळ्यात पडले," ती म्हणाली. "मग कळलं, की हा माणूस म्हणजे हेच आहे. दोन खिसे."

म्हणजे तो धडा त्यांना एसटीनं दिला, हा माझा समज चुकीचा होता. एसटीनं त्याला नुसतं नाव दिलं.

वारा वाढला तसं आईनं डोक्यावरून पदर घेतला. नंतर म्हणाली, "उद्या बॅग तू धर. मी सांगेन त्यांना." तिनं अर्जाचं नाव काढलं नाही. काढायची गरजही नव्हती.

शेवटच्या सकाळी काउंटरवर मोठी रांग लागते हे मी विचारून ठेवलं होतं, म्हणून नाश्त्याच्या आधीच गेलो. पहिल्या दिवशीची मुलगी होती. तिनं बाबांना ओळखलं. खात्यातून कॉफ्या, फोटो, रुमाल वजा होऊन उरलेले तिनं एका लिफाफ्यात घालून पुढे केले. बाबांनी लिफाफा घेतला, उघडला, नोटा दुमडून बोटांत धरल्या आणि मोजू लागले. मध्येच थांबले. परत पहिल्यापासून. परत थांबले. मागच्या लोकांना आज घाई होती. मी हात पुढे केला नाही. आईनं केला. तिनं लिफाफा त्यांच्या हातातून घेतला आणि आम्ही खिडकीजवळच्या सोफ्यावर जाऊन बसलो. बाहेर मुंबईच्या इमारती दिसायला लागल्या होत्या.

मी पहिली पावती काढून उलटी केली. बाबूजी के अपने ९००. लिफाफ्यातून नऊशे वेगळे काढले आणि बाबांच्या डाव्या खिशात ठेवले. हे तुमचे, म्हटलं, त्या मुलीनं लिहून घेतलेले. बाबांनी पावती हातात घेऊन वाचली. मग खिशावर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. हे बाहेर कसे गेले होते, असं त्यांना विचारायचं होतं, असं मला वाटलं. त्यांनी विचारलं नाही.

आई म्हणाली, "आता बॅग हिच्याकडे द्या. तुमची ड्यूटी झाली. काल तुम्हीच म्हणालात ना."

मुलगी फोनमध्ये बघण्याचं नाटक करत होती. बोटीतल्या भोंग्यावरून कुठल्या मजल्यानं आधी उतरायचं ते सांगत होते, आमचा मजला अजून यायचा होता. मला वाटलं, ते नाही म्हणतील, आणि नाही म्हणाले तर मी काय करायचं ते माझ्या कुठल्याच कागदावर नव्हतं. शेवटी ते माझ्याकडे वळले आणि चोख, जुन्या आवाजात म्हणाले, "तुझी खासगी रोकड किती?"

मी पर्स उघडली. नोटा त्यांच्या पद्धतीनं पसरून दाखवल्या. अकराशे. ते म्हणाले, "आणखी?"

मुलीनं मान वर केली. मी म्हटलं, पाच हजार, हिच्या पिशवीत, स्वेटरमध्ये. आईनं डोळे मोठे केले. बाबांना राग आला नाही, नुसती नोंद चुकल्यासारखा चेहरा झाला.

"ते निघण्याआधी सांगायचे असतात," ते म्हणाले.

मग त्यांनी माझ्याकडे पेन मागितलं आणि त्या पावतीच्या मागे, काउंटरवरच्या मुलीच्या हिंदी ओळीखाली, स्वतःच्या हातानं लिहिलं. अक्षर खाली घसरत गेलं होतं, पण आकडा बरोबर होता, सहा हजार एकशे. मला सही करायला लावली. बॅगेचं अस्तर सरळ करून त्यांनी लिफाफा आत ठेवला, चेन लावली, पट्टा माझ्या गळ्यात घातला. बॅग माझ्या कमरेवर लोंबत होती. त्यांनी पट्ट्याची बक्कल दोन भोकं वर घेतली.

"पोटावर ठेव," ते म्हणाले. "पाठीवर टाकलीस की गेली."

बंदराबाहेर गाडीवाल्याशी भाव केला आणि पैसे मी दिले. ठाण्याच्या अलीकडे बाबांनी गाडी थांबवायला लावली आणि आईला विचारलं, सोडा घेणार का? आई म्हणाली, आता सोडा नको, चहा चालेल. चौघांचा चहा डाव्या खिशातून झाला. सुटे त्यांनी न मोजता घेतले.

अर्जावर पुढच्याच आठवड्यात सह्या झाल्या. आईनं तो साड्यांखालून स्वतः काढून दिला. मी आता आठवड्यातून दोनदा डोंबिवलीहून खोपटला जाते, बँक, औषधं, बिलं, सगळं एका फेरीत बसवते. बॅग अजून दाराजवळच्या खुंटीलाच असते. मी ती काढायला गेले की बाबा खुर्चीतून विचारतात, खासगी किती? मी पर्स उघडून दाखवते, सांगते, आणि ते मान हलवतात.

अलीकडे काही दिवस ते विचारत नाहीत. खिडकीतून डेपोच्या बाजूला बघत असतात, मी आले हेही त्यांच्या लक्षात येत नाही. तेव्हा मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहते, नोटा पसरते आणि आकडा मोठ्यानं सांगते. मगच बॅग खुंटीवरून काढते.